सेवेसाठी परदेशी निघालेला तरुण आणि त्याला पाठविणारे

(वसई येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विरार स्थानकाबाहेर किंवा वसईच्या नाक्यांवर अभिनंदनाचे फलक नेहमीच झळकत असतात. कोणाच्या मुलाला दुबईतल्या कंपनीत नोकरी लागलेली असते, कोणाच्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो. फलकावर शुभेच्छुक पुढाऱ्याचे छायाचित्र त्या मुलापेक्षा मोठे असते, हा भाग वेगळा. परंतु तोच मुलगा एखाद्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाला की, सनदी लेखापालाची शेवटची परीक्षा आता द्यायची नाही, आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावणीत धान्याचा नि औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या एका सेवाभावी संस्थेत निर्वाहापुरत्या मानधनावर जायचे आहे, तर त्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. आई देव पाण्यात ठेवते. वडील ओळखीच्या कार्यकर्त्याला गाठतात आणि म्हणतात, "भाऊ, आता तुम्हीच त्याला समजवा. तुमच्या शिबिरांना जाऊनच त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलंय."

त्या वेळी कार्यकर्त्याने काय सांगावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो वरवर एका घरापुरता वाटतो. वस्तुतः त्यात समाजवादी चळवळीच्या आजच्या अवस्थेचा प्रश्न दडलेला आहे.

कार्यकर्त्याच्या जिभेवर सामान्यतः दोनच उत्तरे असतात. परदेशी पैशावर चालणाऱ्या या संस्था म्हणजे साम्राज्यवादाचे सौम्य रूप आहे, त्यांच्या नादी लागू नकोस, हे पहिले. सेवा ती सेवा, तिला देशाची सीमा कशाला, जा बाबा, हे दुसरे. पहिले उत्तर देणाऱ्याला त्या मुलाच्या मनातली तळमळ दिसत नाही आणि दुसरे देणाऱ्याला संस्थेचा जमाखर्च दिसत नाही. तिसरेही एक उत्तर असते व ते अधिक अवघड आहे: आपल्या जव्हार-मोखाड्यात काय कमी दुःख आहे, म्हणून आफ्रिका गाठायची? त्याचा विचार शेवटी करावा लागेल.

प्रथम बापाची बाजू नीट ऐकली पाहिजे. ध्येयवादाच्या भरात ती बाजू पुष्कळदा हिशेबातून वगळली जाते. वसईत दोन पिढ्यांपूर्वी केळीच्या बागा, पानवेली आणि भाजीचे मळे यांवर घरे चालत. त्या वाड्यांपैकी कितीतरी विकल्या गेल्या व त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. ज्याने वाडी विकली त्याने पुष्कळदा तो पैसा मुलांच्या शिक्षणात घातला. ज्याच्यापाशी विकायला वाडी नव्हती, त्याने बँकेचे कर्ज काढले. म्हणजे मुलाची पदवी ही त्या कुटुंबाची उरलेली एकमेव जमीन आहे. ती दुसऱ्याच्या उपयोगासाठी फुकट कसू देण्याची भाषा मुलगा करू लागला, की बापाच्या पोटात गोळा येतो, यात बापाचा स्वार्थ शोधणे हा अन्याय आहे. ज्या समाजात म्हातारपणाची, आजारपणाची नि निवाऱ्याची हमी शासन देत नाही, त्या समाजात मुलाचे वेतन हाच बापाचा विमा असतो. आयुष्याची वाट बदलण्याचे स्वातंत्र्य हेही एक वर्गीय स्वातंत्र्य आहे. कर्ज नसलेल्याला ते सहज मिळते आणि कर्जदाराला ते जवळजवळ नाकारलेले असते. कार्यकर्ता त्या घरी जाणार असेल, तर त्याने आधी कर्जाचा हप्ता किती आणि तो कोण भरणार, हे विचारावे, आणि मगच ध्येयाविषयी बोलावे.

आता त्या मुलाकडे वळू. परमुलखात जाऊन परक्यांची सेवा करण्याची ही ओढ वसईला नवी नाही. वसईच्या किल्ल्यातील जे चर्च आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते, त्या गोन्सालोची कथा येथील मुलांना पाठ असते. १५५७च्या सुमारास तो वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथली. जेझुइट पाद्र्यांपाशी शिकला आणि पंधरा वर्षांच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे भाषा शिकला, धर्मशिक्षकाचे काम केले, परंतु त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला आणि त्यात त्याचा जम बसला. तो जमलेला व्यापार सोडून मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला, आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर देण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

त्याच्या श्रद्धेविषयी व धैर्याविषयी आदरच असला पाहिजे. अर्थशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक गोष्ट पाहावी. जेझुइटांच्या पाठीशी पोर्तुगालची सत्ता होती, तर फ्रान्सिस्कन मनिलाहून म्हणजे स्पेनच्या वसाहतीतून आले होते. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि या धर्मोपदेशकांच्या मागून स्पेनची फौज येणार, हा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. सेवा करणारा माणूस निर्मळ होता, पण तो ज्या गलबतातून आला त्याच्या शिडावर कोणाचे निशाण आहे, यावरून त्याचे मरण ठरले. पाठविणाऱ्याचे हितसंबंध जाणाऱ्याच्या पाठीवर असे बसलेले असतात, त्याला ते जाणवोत वा न जाणवोत.

याच्या उलट दुसरे उदाहरण आहे, आणि ते महाराष्ट्राचेच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. परंतु चित्रपटाने त्यांची वीरगाथा केली आणि त्या गाथेत एक साधी गोष्ट झाकली गेली: हा तरुण कोणाच्या पैशाने शिकला आणि कोणाच्या पैशाने गेला?

कोटणीस सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. १९३०च्या मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली, तेव्हा कोटणीस विशीत होते. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. परळचे हे महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा अशी देणगीदारांची अट होती, आणि चालविणारी होती मुंबईची महानगरपालिका. गिरणगावच्या मध्यावर, ज्या मजुरांच्या श्रमांवर ती मुंबई उभी होती त्यांच्याच आजारांवर उपचार करीत हे विद्यार्थी शिकत होते. पदवीनंतर कोटणीसांनी पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालविली होती. शल्यचिकित्सक व्हावे, चांगला जम बसवावा, असा सरळ मार्ग पुढे दिसत होता.

१९३७च्या जुलैमध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. ३० जून १९३८ रोजी त्यांनी जनतेला आवाहन केले, जुलैमध्ये 'चीन दिन' पाळण्यात आला, आणि २२ हजार रुपयांचा निधी जमला. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाने वर्गणी काढून दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठविले. पथकात पाच जण होते: अलाहाबादचे डॉ. मदन अटल, जे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करून आले होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक असे हे सोलापूरचे कोटणीस. पदव्युत्तर अभ्यासाचा बेत त्यांनी सोडला, घरच्यांची संमती मिळविली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली.

१९३९च्या आरंभी ते येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीवर गेले, चिनी भाषा शिकले, आणि १९४० मध्ये जखमींची रीघ लागली तेव्हा सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया करीत राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये रक्तदोष होऊन तेथेच वारले होते. त्यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ते तेथे विद्यार्थ्यांना शिकवीतही असत. शस्त्रक्रियांच्या आकड्यांपेक्षा या अध्यापनाला अधिक महत्त्व दिले पाहिजे, कारण परका डॉक्टर निघून गेल्यावर मागे काय उरते, हाच परदेशी सेवेचा खरा कस असतो. कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी १९४१ मध्ये विवाह केला. मुलाचे नाव ठेवले 'यिन्हुआ', म्हणजे भारत आणि चीन. मूल काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे ३२. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली होती, पण ते परतले नव्हते. इतर चौघे कमी-अधिक काळाने मायदेशी आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी जे पुस्तक लिहिले ते न परतलेल्या या पाचव्याचे.

ही कहाणी सांगून तरुणांना स्फुरण चढविणे सोपे आहे. प्रश्न असा की, त्या काळच्या कोटणीसांना जे मिळाले ते आजच्या वसईच्या मुलाला मिळते काय? कोटणीसांच्या मागे एक चळवळ होती. जो पैसा त्यांना घेऊन गेला, तो दहा ठिकाणच्या सभांतून आणे-रुपये करून आला होता. त्या देणगीदारांना चीनमध्ये खाण नको होती, बाजारपेठ नको होती. जपानी साम्राज्यवाद आणि ब्रिटिश साम्राज्यवाद हे एकाच झाडाचे आहेत, एवढे त्यांना समजले होते. पुढे कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले, तो मार्ग समाजवाद्यांना मान्य असण्याचे कारण नाही. १९६२ नंतर तर त्यांचे नाव घेतानाही पुष्कळांना अवघड वाटे. परंतु पाठविणारे, जाणारा आणि ज्यांच्यापाशी तो गेला ते, या तिघांत त्या वेळी हिताचा विरोध नव्हता.

आजच्या सेवाभावी संस्थांचे तसे नाही. पण त्या सर्व एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये काही डॉक्टरांनी व पत्रकारांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था काढली. १९९९ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सामान्य व्यक्तींच्या देणग्यांतून येतो. म्हणूनच २०१६ मध्ये युरोपीय संघाने निर्वासितांना रोखण्यासाठी तुर्कस्तानशी करार केला, तेव्हा निषेध म्हणून या संस्थेला युरोपीय संघाचा व त्याच्या सभासद राष्ट्रांचा पैसा नाकारता आला. ज्याला नाकारता येते, तोच देणगी घेऊनही स्वतंत्र राहतो.

दुसऱ्या टोकाला काय आहे, ते २०२५ मध्ये जगाने पाहिले. २० जानेवारीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशाने परदेशी मदत थांबविली आणि १ जुलैला 'यूएसएड' ही प्रचंड यंत्रणा स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली. तिच्या पैशावर चालणारे आफ्रिकेतले नि आशियातले दवाखाने, लसीकरणाची कामे, अन्नवाटपाची केंद्रे एकामागून एक बंद पडली. तेथे काम करणारे हजारो ध्येयवादी तरुण रातोरात बेकार झाले. औषधे ज्यांना मिळत होती त्यांना तर कोणी विचारलेही नव्हते. सुरू करताना विचारले नव्हते, मग बंद करताना कोण विचारणार? आपल्याकडेही परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ पासून आहे, २०१० मध्ये तो नव्याने झाला, २०२० मध्ये आणखी आवळला गेला. तेव्हा बाहेरच्या पैशावर उभी असलेली सेवा ही दोन सरकारांच्या मर्जीवर उभी असते, देणाऱ्याच्या आणि येथल्या.

म्हणून वसईच्या त्या मुलाला कार्यकर्त्याने 'जाऊ नकोस' असे सांगण्याऐवजी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल मागवून दोघांनी मिळून वाचावा. मुलगा हिशेबशास्त्र शिकलेलाच आहे, त्याला ते अवघड नाही. पैसा कोठून येतो? ज्या लोकांत काम करायचे, त्यांतले किती जण संस्थेच्या निर्णयात आहेत? तेथल्या स्थानिक लेखनिकाला वेतन किती आणि बाहेरून येणाऱ्या 'तज्ज्ञा'ला किती? या शेवटच्या आकड्यात संस्थेचे सगळे तत्त्वज्ञान उघडे पडते. त्यातून संस्था बरी ठरली तर त्याने खुशाल जावे. देशाने शिकविले आणि हा बाहेर गेला, ही तक्रार त्याच्या बाबतीत करणे ढोंगीपणाचे आहे. जे सार्वजनिक पैशावर शिकून परदेशी कंपन्यांच्या नफ्यात भर घालायला जातात, त्यांच्यासाठी चौकात फलक लागतात. मग जो कमी वेतनावर दुःखितांकडे निघाला त्यालाच तेवढे देशाचे देणे आठवून द्यायचे, हे कोणत्या न्यायाने?

आता ते तिसरे उत्तर: आधी जव्हार-मोखाडा पाहा. १ ऑगस्ट २०१४ पासून वसई पालघर जिल्ह्यात आहे. पण वसई-विरारच्या बहुसंख्य रहिवाशांचे तोंड चर्चगेटकडे असते. जव्हार त्यांना आफ्रिकेइतकेच दूर आहे. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये महाराष्ट्र हादरला होता, ते गाव याच जिल्ह्यात आहे, हे येथल्या किती पदवीधरांना ठाऊक असेल?

याच जिल्ह्यात एका उच्चशिक्षित तरुणीने वाट बदलली होती. गोदावरी गोखले, पुढे परुळेकर. पुण्याच्या नामांकित वकिलाची मुलगी, जन्म १९०७. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि नंतर कायदा शिकलेली. वकिली सहज चालली असती. पण ती भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सभासद झाली. म्हणजे आजच्या भाषेत तिने एका सेवाभावी संस्थेत आयुष्य द्यायचे ठरविले होते. साक्षरतेचे काम केले, घरकामगारांत काम केले. पुढे तीही संस्था तिला पुरेना. शामराव परुळेकरांसह ती किसानसभेत गेली आणि १९४५ मध्ये उंबरगाव, डहाणू, तलासरीच्या वारल्यांत पोहोचली. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे झालेला गोळीबार, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी, हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पक्षभेद कितीही असो, समाजवाद्यांनी तिच्यापासून एक गोष्ट घ्यायला हवी. वारल्यांना तिने धान्य वाटले नाही. सावकाराच्या शेतावर फुकट राबणार नाही, असे म्हणण्याचे बळ त्यांना संघटनेतून आले, आणि तेही त्यांच्याच तोंडून.

'आधी जव्हार' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला मुलगा उलट विचारील, "काका, मी जव्हारला जातो. पण तिथं मला पाठवणार कोण? राहू कुठं? हप्ता कोण भरील?" या प्रश्नाला आज पक्षापाशी उत्तर नाही. कोणे एके काळी ते होते. राष्ट्र सेवा दलाची पथके होती, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मिळणारे तुटपुंजे का होईना मानधन होते, आणि एखाद्या घरी दोन वेळा जेवायची सोय होती. ते सगळे हळूहळू आटले. शिबिरात मुलाच्या मनात आग लावायची आणि शिबिर संपल्यावर त्याला स्थानकावर सोडून द्यायचे, असे चालू राहिले. ती आग घेऊन तो जर परदेशी संस्थेच्या दारात उभा राहिला, तर दोष त्या मुलाला देता येत नाही, कारण दार उघडे होते ते तेवढेच.

यावर उपाय मोठा नाही. १९३८ मध्ये २२ हजार रुपयांत एक देश दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवू शकला. वसई-विरारमध्ये पक्षाच्या सहानुभूतीदारांची ५०० घरे निघणे अशक्य नाही. प्रत्येकाने दरमहा १०० रुपये दिले तर ५० हजार होतात. त्यात एक तरुण, परिचारिका असो, लेखापाल असो वा शिक्षक, वर्षभर जव्हार किंवा मोखाडा तालुक्यात राहू शकतो, आणि त्याच्या कर्जाचा हप्ताही थकत नाही. काम त्याने ठरवायचे नाही, तेथल्या पाड्यांवरच्या सभेने ठरवायचे. रोजगार हमीचे हजेरीपट तपासणे असो, वनहक्काचे दावे भरणे असो की रेशनच्या दुकानातील नोंदी वाचून दाखविणे असो. वर्षानंतर त्याला आफ्रिकेला जायचे असेल तर जाईल, आणि जाताना कोणत्या संस्थेला काय विचारायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

निधीसाठी बँकेत स्वतंत्र खाते असावे. पावतीपुस्तके पाच विभागांना वाटावीत: वसई गाव, वसई रोड, नालासोपारा, विरार आणि पूर्वपट्टीतील गावे. परदेशातून, कंपन्यांकडून वा बांधकाम व्यावसायिकांकडून एक रुपयाही घेऊ नये. जमाखर्च दर तीन महिन्यांनी तालुका कार्यालयाच्या फलकावर लावावा, आणि त्याची एक प्रत त्या पाड्यावर मराठीत वाचून दाखवावी.